नौपाड्याच्या गच्चीवर नसांचा वेग मोजायचा तर

शिंप्याची टेप, मोबाइलवरचं स्टॉपवॉच आणि सहावी-सातवीतली अठरा मुलं, एवढंच लागतं. नस म्हणजे इथे रक्ताची नव्हे, मज्जातंतू; तिच्यातून संदेश किती वेगाने धावतो ते मोजायचं. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी मेच्या सुट्टीत हा प्रयोग घेते. सकाळी साडेसातच्या आत उरका, नंतर फरशीवर बसवत नाही.

मुलांना गोलात, गुडघे पोटाशी घेऊन, खेटून बसवा. डोळे मिटायचे. प्रत्येकाचा उजवा हात शेजाऱ्याच्या खांद्यावर. घड्याळवाला डाव्या हाताने घड्याळ सुरू करतानाच उजव्याने शेजाऱ्याचा खांदा दाबतो. आपला खांदा दाबला गेला की पुढच्याचा दाबायचा. दाब फिरून घड्याळवाल्याकडे आला की घड्याळ बंद. मग हेच घोट्यावर.

आता टेप. घोट्याचा संदेश मेंदूकडे जास्त लांबून येतो. ते जादा अंतर म्हणजे घोटा ते मान, वजा खांदा ते मान. या वयात साधारण 1 मीटर. अठरा जणांचे 18 मीटर. खांद्याला 4.9 सेकंद, घोट्याला 5.4 लागले, तर फरक अर्ध्या सेकंदाचा. वेग सेकंदाला 36 मीटर. विचार करण्यात, बोटं दाबण्यात गेलेला वेळ दोन्हीकडे सारखाच, म्हणून तो वजाबाकीत उडतो.

ही वजाबाकी जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झची. हा वेग कधी मोजता येईलसं वाटत नाही, असं त्याचे गुरू म्युलर म्हणत. 1850 मध्ये कोनिग्सबर्गला त्याने बेडकाची नस स्नायूपासून जवळ आणि लांब अशी दोन जागी उद्दीपित केली. वेळेतला फरक काढला, वेग आला सेकंदाला सुमारे 27 मीटर. आकडे टिपायला बायको ओल्गा असे. पुढे डच डॉक्टर डाँडर्सने मनाच्या कामाला किती वेळ लागतो ते याच वजाबाकीने मोजलं, आणि हेल्महोल्ट्झचा एकेकाळचा सहायक वुंट याने 1879 मध्ये लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली.

एक खोड सांगते. पहिल्या वर्षी मी आधी खांद्याच्या सगळ्या फेऱ्या घेतल्या, मग घोट्याच्या. घोटाच जिंकला! "बाई, पायाची नस फास्ट आहे," म्हणे. कसली फास्ट, तोवर पोरांचा हात बसला होता. म्हणून एक फेरी खांद्याची, एक घोट्याची, अशा पाच-पाच घ्या नि सरासरी काढा. पहिल्या दोन सरावाच्या, सोडून द्या.

गेल्या वर्षी हाताला मुंग्या येतात म्हणून माझीच तपासणी झाली. तंत्रज्ञ मुलीने मनगटाला झटका दिला, मग कोपराला, आणि खिशातून टेप काढली. मी विचारलं, "आता वजाबाकी ना?" ती बघतच राहिली.