आधी गाणी कोणती ऐकता ते सांगा, मग हेडफोन बघू: कमी बजेटमधले क्लोज्ड-बॅक

"पाच हजारात कुठला हेडफोन घेऊ" असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, तुम्ही दिवसभर ऐकता काय? कारण या बजेटमधे सगळंच छान वाजवणारा हेडफोन मिळत नाही, प्रत्येकाचा आपापला स्वभाव असतो आणि तो तुमच्या गाण्यांशी जुळला तर स्वस्तातला पण मस्त वाटतो, नाही जुळला तर पंधरा हजारांचा पण कपाटात पडून राहतो.

क्लोज्ड-बॅक म्हणजे कपाची मागची बाजू बंद. ओपन-बॅकला मागे जाळी असते, त्याचा आवाज जास्त मोकळा ऐसपैस येतो, पण तो तेवढाच बाहेरही जातो आणि बाहेरचा आत येतो. वन बीएचकेमधे, होस्टेलवर, ऑफिसात, बाळ झोपलंय अशा वेळी, किंवा घरी गाणं रेकॉर्ड करताना कानातला तानपुरा-तबला माइकमधे शिरू नये म्हणून, बंद कपच लागतात. आणि हे सगळं मी वायरवाल्यांबद्दल लिहितोय. ब्लूटूथमधे तुमच्या पैशातून बॅटरी, चिप, माइक सगळं येतं आणि आवाजासाठी थोडंच उरतं. निव्वळ गाणं ऐकायचं असेल तर कमी बजेटमधे वायरच घ्या, माझं हे मत पक्कं आहे.

आता एक गोष्ट जी बॉक्सवर कुठेच लिहिलेली नसते. बंद हेडफोनचा बेस हा पॅड कानाभोवती किती नीट बसतात यावर असतो. चष्म्याची काडी, झुमके, दाट केस, कशानेही थोडी फट राहिली की खालचा बेस गायब, मग लोक म्हणतात हेडफोन पोकळ वाजतो. दुकानात लावून बघाल तेव्हा दोन्ही कप तळहाताने हलके दाबा, बेस एकदम वाढला तर समजायचं की तुमच्या डोक्याला तो नीट बसत नाहीये. चष्मा असेल तर चष्मा लावूनच बघा. आणि कप पूर्ण कानाभोवती बसणारे घ्या, कानावर टेकणारे नको, तासाभरात कान दुखायला लागतो.

शास्त्रीय, नाट्यसंगीत, अभंग, भावगीत हे ज्यांचं रोजचं, त्यांच्यासाठी सगळा खेळ मिड्सचा, म्हणजे ना फार खोल ना फार टोकदार अशा मधल्या आवाजाचा. काळी एकमधे (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी) गाणाऱ्या पुरुष गायकाचा सा साधारण १३८ हर्ट्झवर येतो, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं, आकडा लहान तितका आवाज खोल, आणि खालच्या सप्तकातला खर्जाचा सा ६९ वर. आता बॉक्सवर एक्स्ट्रा बेस लिहिलेले बहुतेक हेडफोन नेमका १०० ते २०० चा भाग फुगवतात, म्हणजे गायकाचा आवाज जाड आणि घोगरा होतो, तानपुऱ्याची खर्जाची तार नुसती गुणगुणत राहते आणि डग्ग्याची घसीट, म्हणजे तळहात घासून काढलेला आवाज, त्या सगळ्यात बुडून जाते. काळी चार-पाचमधे गाणाऱ्या बाईंचा सा २०७ ते २३३ च्या आसपास, तिथे हा त्रास जरा कमी होतो पण तबला तरी फुगतोच. म्हणून या संगीताला बेस कमी असला तरी चालेल, फुगलेला नको. ऑडिओ-टेक्निकाचा एम२०एक्स यासाठी बरा, थोडा उबदार आहे पण तिखट नाही, दोन-दोन तास ऐकलं तरी कान थकत नाहीत, फक्त तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची झणझणती गुंज, जरा मागे राहते. शूअरचा एसआरएच४४० गळा चांगला पुढे आणतो, बेस मात्र बेताचाच. आणि थोडे पैसे वाढवता आले तर एकेजीचा के३६१ बघाच, एकेजीची मालक कंपनी हरमन, तिच्या लोकांनी खूप श्रोत्यांवर चाचण्या करून जो आवाजाचा साचा काढला त्याच्या जवळ जाणारा आहे, गळा, तबला, तानपुरा तिन्ही आपापल्या जागी राहतात. फक्त तो कानाभोवती नीट बसला पाहिजे, नाहीतर सगळ्यात आधी त्याचाच बेस जातो.

जुन्या रेकॉर्ड ऐकणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा. १९२५ च्या सुमाराला इलेक्ट्रिकल रेकॉर्डिंग आलं, त्याच्या आधी भोंग्यासमोर गाऊन रेकॉर्ड व्हायची, त्यात खालचा बेस आणि वरचा ट्रेबल जवळपास नसतोच, जे काय आहे ते मधेच आणि वर खरखर. बेसवाला हेडफोन लावून तिथे काही हाती लागत नाही कारण तो बेस रेकॉर्डमधेच नाहीये, आणि ट्रेबल वाढवणारा लावला तर खरखरच पुढे येते. उदाहरणार्थ सोनीचा तिखट ट्रेबलवाला एमडीआर-७५०६, १९९१ पासून स्टुडिओत वापरतात, रेकॉर्डिंगमधली चूक शोधायला अप्रतिम, पण जुन्या नाट्यपदांसाठी मी तो कुणाला सुचवणार नाही. सतार-सरोद बसवताना एकेक स्वर वेगळा ऐकायचाय, त्याला मात्र जरूर.

हिंदी-मराठी सिनेमाची नवी गाणी आणि लावणी, इथे थोडा बेस आणि थोडी चमक दोन्ही लागतं, ढोलकीची थाप अंगावर आली पाहिजे. पण चमक जास्त झाली की स, श, च टोचायला लागतात, हा त्रास साधारण ५ ते ८ हजार हर्ट्झच्या भागातला. दुकानात मुद्दाम बाईच्या आवाजातलं, स-श भरपूर असलेलं गाणं लावून बघा, आवाज थोडा वाढवा, डोळे बारीक झाले की तो हेडफोन बाजूला ठेवा. ढोल-ताशाचे व्हिडिओ ऐकणाऱ्यांना तर हे फारच लागू, कारण ते बहुतेक मोबाइलवर घेतलेले, आवाज आधीच फाटलेला असतो आणि ताशा त्यात अजून धारदार होतो. त्यांनी ट्रेबल शांत असलेलाच घ्यावा. या सगळ्यासाठी ऑडिओ-टेक्निकाचाच एम४०एक्स चांगला, त्याची वायर पण काढता येते.

हिप-हॉप, इलेक्ट्रॉनिक, बेसवर जीव असेल तर तुम्हाला ३० ते ६० हर्ट्झचा खरा खोल बेस हवा. बंद हेडफोन इथे ओपन-बॅकला मागे टाकतात. ऑडिओ-टेक्निकाचाच एम५०एक्स, किंवा बजेट बरंच ताणता आलं तर बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, ज्याचा ट्रेबलही तिखट आहे हे आधीच सांगतो. मेटल-रॉकवाल्यांनी मात्र फुगीर बेस टाळा, ड्रमची वेगवान डबल किक (दोन्ही पायांनी वाजवलेला मोठा ड्रम) आणि गिटार एकमेकांत मिसळून नुसता गोंगाट होतो, एम४०एक्सच ठीक.

फोनवर ऐकणार असाल तर इम्पिडन्स, म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा अडथळा (तो ओममधे मोजतात), बघून घ्या. ३२ ते ६४ ओमचे फोनवर किंवा साध्या डोंगलवर आरामात वाजतात, वरचे सगळे यात बसतात. डीटी ७७० मात्र ३२, ८० आणि २५० ओम अशा प्रकारात येतो, फोनसाठी २५० वाला अजिबात नको, अँप, म्हणजे आवाजाला जोर देणारं वेगळं यंत्र, लागेल. फोनला जॅक नसेल तर टाइप-सी डोंगल लागेल, तो बजेटमधे आधीच धरा. आणि एम२०एक्सची वायर ३ मीटरची, न निघणारी आहे, टेबलावर मस्त पण प्रवासात खूप वैताग.

घेतल्यावर इक्वलायझर, म्हणजे बेस-ट्रेबल कमीजास्त करायची सोय, वापरायला लाजू नका, काही लोक त्याला फसवणूक समजतात ते मला पटत नाही. अँड्रॉइडवर वेव्हलेट नावाचं अ‍ॅप आहे, त्यात हजारो मॉडेलच्या तयार सेटिंग आहेत, आपलं मॉडेल निवडायचं की झालं, विंडोजच्या लॅपटॉपवर इक्वलायझर एपीओ फुकट मिळतं. फुगलेला बेस खाली आणणं सोपं आहे, पण पॅड नीट न बसल्यामुळे गेलेला बेस इक्वलायझरने नीट परत येत नाही, म्हणून बसणं आधी बघा.

विकत घेताना आपली चार-पाच गाणी फोनमधे डाऊनलोड करून न्या, दुकानदार लावेल त्या डेमोवर जाऊ नका. दोन हेडफोन तपासताना आवाज सारखा ठेवा, कारण जो मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो आणि इथेच बहुतेक लोक चुकीचा उचलतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली, तिकडे गेलात तर पक्कं बिल आणि वॉरंटी घ्याच, नावाजलेल्या मॉडेलच्या नकला फार निघतात. ऑनलाइन घेतला तर परत करायच्या मुदतीत रोज वापरा, नुसता बॉक्समधे ठेवू नका.

लोकलमधे वापरणाऱ्यांना एक कळकळीने सांगतो. बंद कप लोकांचं बोलणं बऱ्यापैकी अडवतात पण गाडीची खालची घरघर फारशी अडत नाही, मग हात आपोआप आवाज वाढवायला जातो. जागतिक आरोग्य संघटनेचा सुरक्षित ऐकण्याचा हिशोब ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास असा आहे, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा करायचा. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही, तेव्हा गाडीत आवाज बेतातच ठेवा.

आपल्याकडच्या दमट हवेत रेक्झिनचे पॅड घामाने लवकर सोलतात. वापरून झालं की कोरड्या कपड्याने पुसा, सॅनिटायझर लावू नका. साल निघायला लागली की नवे पॅड घ्या, बहुतेक चालू मॉडेलचे मिळतात, पण शक्यतो मूळ पॅडसारखेच. उन्हाळ्यात बरं म्हणून मखमली पॅड टाकले तर फट वाढते आणि बेस थोडा उतरतो, गाणं ऐकणाऱ्याला ते कदाचित आवडेल, बेसवाल्याला नाही.