संघटनेची स्थानिक शाखा चालवताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात डॉक्टर, इंजिनिअर, औषध विक्रेते यांच्या संघटनांच्या शाखा मोठ्या उत्साहात निघतात. पुढं भांडणं लागतात. भांडण माणसांचं दिसतं, पण मूळ बहुतेक वेळा कागदात असतं.

सगळ्यात महागात पडते ती कोल्हापूरच्या शाखेची घटना, म्हणजे नियमावली, जशीच्या तशी उचलण्याची चूक. मराठीत तयार मिळते, गावाचं नाव बदललं की काम झालं असं वाटतं. मग कलमांत महाराष्ट्रातले धर्मादाय आयुक्त तसेच राहतात. इथं संस्थेची नोंदणी कर्नाटक संस्था नोंदणी अधिनियम 1960 खाली जिल्हा निबंधकांकडे होते. किमान 7 सभासद लागतात आणि वार्षिक सभेनंतर कार्यकारिणीची यादी व ताळेबंद दरवर्षी द्यावा लागतो. ते राहून गेलं की वादाच्या वेळी खरी कार्यकारिणी कोणती, हेच दाखवता येत नाही. अर्थात, वेगळी नोंदणी करायची की मुख्य संघटनेच्याच नोंदणीवर चालायचं, हे आधी त्यांच्याकडून लेखी घ्या. पॅन कुणाचा वापरायचा तेही त्यावरच ठरतं.

वर्गणी खजिनदाराच्या स्वतःच्या खात्यात किंवा फोन पे वर घेऊ नका, माणूस कितीही सज्जन असो. शाखेचं खातं, दोघांच्या सह्या, प्रत्येकाला पावती. निवडणूक झाली की नव्या सह्यांचा ठराव लगेच बँकेत द्या.

प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, ‘चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर’ एवढंच लिहिलेलं असतं. काय मंजूर? ‘शिबिरासाठी 15,000 रुपयांपर्यंत खर्चास मंजुरी, सूचक अमुक, अनुमोदक तमुक’ असं लिहा. कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) मोजून हजेरीच्या सह्या तिथल्या तिथं घ्या. ओळी कोऱ्या ठेवून मागाहून भरायची सवय फार घातक आहे.

महाराष्ट्रातल्या चंदगडचे सभासद बेळगावच्या शाखेत आले तर आनंदच, पण त्यांना मतदानाचा हक्क आहे का, हे मुख्य संघटनेच्या घटनेत बघून निवडणुकीआधीच जाहीर करा. मतमोजणीच्या दिवशी हा प्रश्न निघाला तर मनं कायमची दुखावतात. सभेची नोटीस मराठी आणि कन्नड दोन्हींत काढा, कन्नड सभासदही आपलेच आहेत.

आणि वार्षिक सभा जुलैत ठेवू नका. कणकुंबी, जांबोटीकडच्या सभासदांना त्या पावसात बेळगाव गाठणं अवघड असतं. घटनेतली मुदत परवानगी देत असेल तर सप्टेंबर बरा.