नेपाळात घर बांधायला जाण्याआधी

इंदुरातून एखाद्या संस्थेमार्फत आठवडाभर नेपाळात जाऊन तिथल्या कुटुंबाचं घर बांधायला हातभार लावणाऱ्यांसाठी ही तयारी. सगळ्यात जास्त घोळ ओळखपत्राचा होतो, म्हणून आधी तेच. नेपाळसाठी आपल्याला व्हिसा लागत नाही, पण विमानाने जायचं तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं आणि तेही मूळ. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही. १५ ते ६५ वयाच्या माणसाला आधार कार्डावर जाता येत नाही. इंदूर-दिल्ली विमानात आधार चालतं, त्यामुळे घरून निघताना कुणाच्या ध्यानात येत नाही आणि माणूस दिल्लीला काठमांडूच्या काउंटरवर अडकतो. तिकीट काढतानाच नाव कार्डाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एका कागदावर मधे असतं, दुसऱ्यावर नसतं.

ज्या संस्थेमार्फत जाताय तिच्याकडून निमंत्रणपत्र मागून घ्या आणि दोन प्रश्न लेखी विचारा: घराची जमीन कुटुंबाच्या नावावर आहे का (तिथे त्या कागदाला लालपुर्जा म्हणतात), आणि मुख्य मिस्त्री गावातलाच आहे का? मिस्त्री स्थानिकच असायला हवा. आपण जातो ते त्याच्या हाताखाली बिगारी म्हणून, त्याची मजुरी बुडवायला नाही. प्रवासविमा घेताना अटी नीट वाचा. साध्या पॉलिसीत अंगमेहनतीचं आणि उंचीवरचं काम बहुधा वगळलेलं असतं.

निघण्याआधी सहा आठवडे डॉक्टरांकडे जा. धनुर्वाताची लस १० वर्षांपेक्षा जुनी असेल तर पुन्हा घ्यावी लागते, कारण गंजका खिळा आणि माती या कामात रोजचीच. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए बद्दलही तेव्हाच विचारा. त्याच दिवसापासून पाठपिशवीत १० किलो घालून जिने चढायला लागा. दहा लिटर ओलं काँक्रीट म्हणजे २४ किलो, म्हणून साइटवर घमेलं अर्धंच भरायचं. ५० किलोचं सिमेंटचं पोतं एकट्याने उचलायचं नाही. कंबर वाकवून उचललं तर दुसऱ्या दिवशी माणूस खाटेवर पडून राहतो आणि त्याच्या वाटणीचं काम यजमान कुटुंबावर येतं.

बूट आणि हेल्मेट इंदूरच्या सियागंज बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानांतून घ्या. बोटांवर पोलादी टोपी असलेल्या बुटावर आयएस १५२९८ आणि हेल्मेटवर आयएस २९२५ हे भारतीय मानकांचे आकडे आहेत का, ते पाहूनच. बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय फुगतात, आणि निदान तीन आठवडे घालून मऊ करा. नवे करकरीत बूट पहिल्याच दिवशी टाच सोलतात.

हातमोज्यांबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. विणलेले सुती हातमोजे स्वस्त म्हणून डझनभर घेतले जातात आणि मोठी इजा त्यांच्यामुळेच होते. ओलं सिमेंट चुन्यासारखं दाहक असतं. सुती मोजा त्याचं पाणी शोषून घेतो आणि तासन् तास कातडीला चिकटवून ठेवतो. तेव्हा दुखत नाही. संध्याकाळी हात धुताना बोटांच्या बेचक्यांत कातडी लाल आणि मऊ झालेली दिसते, सकाळी तिथे जखम असते. म्हणून माणशी नायट्राइलचा, म्हणजे पाणी आत न सोडणाऱ्या कृत्रिम रबराचा, थर असलेल्या मोज्यांचे चार जोड घ्या. मोज्यात किंवा बुटात सिमेंटचं पाणी शिरलं तर ते ताबडतोब काढा आणि स्वच्छ पाण्याने निदान २० मिनिटं धुवा. गुडघे टेकून काम करणाऱ्यांना हे गुडघ्यांवरही होतं. दगड-वीट कापताना एन ९५ मास्क आणि बंद चष्मा लावा, रुमाल बांधून भागत नाही.

कामाचं थोडं तरी समजून जा. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात नेपाळात दगड-मातीची असंख्य घरं कोसळली. बऱ्याच भिंतींत दगडांचे दोन पापुद्रे नुसते शेजारी उभे होते, त्यांना बांधणारा आरपार लांब दगड नव्हता. हादऱ्यात पापुद्रे सुटले आणि भिंत बाहेर फाटली. म्हणून आता आरपार दगड घालतात आणि जोत्यावर, खिडकीखाली, चौकटीवर काँक्रीटचे आडवे पट्टे देतात. लांब दगड निवडून मिस्त्रीच्या हाताशी ठेवणं हे आपल्या आवाक्यातलं आणि फार मोलाचं काम आहे. विटा असतील तर बुडबुडे थांबेपर्यंत भिजवा, कोरडी वीट मसाल्यातलं पाणी ओढून घेते. काँक्रीट घट्ट वाटलं म्हणून बादलीभर पाणी ओतू नका, कालवायला सोपं जातं पण ताकद जाते. इथे एखाद्या बांधकामावर एक सकाळ थापी आणि ओळंबा हातात घेऊन पाहा.

ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल निवडा, जून ते सप्टेंबर पावसाचे. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि रात्रीसाठी एक स्वेटर पुरतो. साइटवर ओढणी, दुपट्टा नको, काँक्रीटच्या मिक्सरमध्ये अडकतो. थापी, हातोडी चेक-इन सामानात आणि पॉवर बँक हातातल्या पिशवीत. शंभराच्या नोटा ठेवा. भारतीय १०० चे नेपाळी १६०. घड्याळ १५ मिनिटं पुढे करा. मिस्त्रीला दाई म्हणा. ‘बिस्तारै’ म्हणजे हळू आणि ‘पुग्यो’ म्हणजे पुरे, एवढे दोन शब्द पहिल्याच दिवशी लागतात, ताटावरही.

कामाची वाटणी करतानाच पाणी मारण्याची पाळी लिहून काढा. काँक्रीटचे पट्टे निदान ७ दिवस, राखमिश्रित सिमेंट असेल तर १० दिवस ओले राहायला हवेत, नाहीतर तडे जातात. आपला मुक्काम आठवड्याचा, त्यामुळे शेवटी ओतलेला पट्टा आपल्यामागे वाळतो. तेव्हा ओली पोती त्यावर पसरून, पुढचे दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी कोण मारणार, ते नाव घरच्यांसमोर ठरवून मगच गाडीत बसा.