परचेसमध्ये सप्लायर डायव्हर्सिटी खरोखर आणायची असेल तर

वरून मेल येतो, या वर्षी डायव्हर्स सप्लायरकडून, म्हणजे महिला, अनुसूचित जाती-जमाती अशा मागे राहिलेल्या गटांतल्या मालकांकडून, खरेदी वाढवा, आकडा मार्चच्या आत पाहिजे. मग आपण परचेसवाले काय करतो तर वेंडर लिस्टची एक्सेल उघडतो, ज्या फर्मची प्रोप्रायटर बाई दिसते तिथे पिवळा रंग मारतो, बेरीज करतो आणि पाठवून देतो. मीसुद्धा हे केलंय, दोन वर्षं केलंय, आणि त्यातल्या निम्म्या फर्म आधीच्याच सप्लायरच्या बायकोच्या नावावर काढलेल्या होत्या हे मला तेव्हाही माहीत होतं. नवीन एकही माणूस आत आला नव्हता. नंतर जे थोडंफार जमलं ते लिहितोय, पुण्याजवळच्या चाकण-भोसरी या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या खरेदीचा अनुभव आहे त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील.

आधी एक गोष्ट. ही कल्पना अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या शेवटी शेवटी आली, तिथल्या कृष्णवर्णीय उद्योजकांना मोठ्या कंपन्यांच्या ऑर्डरी मिळाव्यात म्हणून. त्यामुळे बहुराष्ट्रीय कंपनीच्या हेड ऑफिसवरून येणारा फॉर्म तिथल्या गटांचा असतो, तो इथे जसाच्या तसा भरायला गेलात तर हसं होतं. आपल्याकडे आपला साचा तयार आहे. २०१२ चं सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीचं सरकारी खरेदी धोरण घ्या, केंद्राची मंत्रालयं आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतली किमान २५ टक्के खरेदी या उद्योगांकडून करायची, त्यातली ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या मालकीच्या आणि ३ टक्के महिलांच्या मालकीच्या उद्योगांकडून. खासगी कंपनीवर हे बंधन नाही, पण व्याख्या तयार मिळतात, त्या उचला. आणि शेअर बाजारात लिस्टेड असलेल्या, बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांना सेबीचा बीआरएसआर (व्यवसायाची सामाजिक-पर्यावरणीय जबाबदारी सांगणारा) रिपोर्ट द्यावा लागतो, त्यात कच्चा माल छोट्या उद्योगांकडून किती टक्के घेता हे सांगावं लागतं, वंचित गटांना प्राधान्य देणारं खरेदी धोरण आहे का असाही प्रश्न असतो. म्हणजे साहेबांना पटवायला कागद आहे हातात.

आता कामाला लागू. पहिलं काम कंटाळवाणं आहे, वेंडर मास्टर, म्हणजे सिस्टीममधली सगळ्या सप्लायरची यादी, साफ करायचा. प्रत्येक चालू वेंडरकडून उद्यम (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) सर्टिफिकेट मागवा, नंबर उद्यम पोर्टलवर टाकून तपासा, सर्टिफिकेटवर मालकाचा सामाजिक प्रवर्गही लिहिलेला असतो. गंमत म्हणजे यातूनच कळतं की काही सप्लायर आपल्याकडे आधीपासून आहेत आणि आपण कधी विचारलंच नाही. एक सांभाळा, नुसता ट्रेडर असेल तर त्यालाही उद्यम नंबर मिळतो, पण जुलै २०२१ पासून तो मिळतो तो फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता, त्याला छोट्या उत्पादकांत मोजू नका.

मग मालकी. सरकारी व्याख्या सोपी आहे, प्रोप्रायटर स्वतः महिला किंवा अनुसूचित जाती-जमातीचा, भागीदारी किंवा प्रायव्हेट लिमिटेड असेल तर किमान ५१ टक्के हिस्सा. कागदावर ५१ टक्के करणं काही अवघड नसतं हो. म्हणून फॅक्टरीत जा. बाईंना विचारा, या बॉक्सला कागद किती जीएसएमचा लागतो, गेल्या महिन्यात कागदाचा रेट किती वाढला, चेकवर सही कोणाची चालते, कामगार सुट्टी कोणाकडे मागतात. दहा मिनिटांत कळतं. पण उलटी चूकही करू नका, नवरा मशीन बघतो आणि बाई हिशोब, बँक, कस्टमर बघते म्हणजे ती डमी झाली असं नाही, पुरुषाच्या फर्ममध्ये भाऊ मशीन बघत असेल तर आपण असं विचारतो का कधी?

जातीचा प्रश्न जास्त नाजूक आहे आणि इथे बरेच जण गडबड करतात. वेंडर फॉर्ममध्ये जात हा कॉलम स्टार लावून कंपल्सरी करून ठेवतात. एका सप्लायरने मला स्पष्ट सांगितलं होतं, साहेब तुमच्या ऑर्डरसाठी मी सर्टिफिकेट देईन पण तुमच्या स्टोअरच्या माणसांना कळता कामा नये, कळलं तर माझा माल पहिल्यापेक्षा जास्त रिजेक्ट होईल. मी त्यावर काही बोलू शकलो नाही. तेव्हापासून नियम केला, माहिती ऐच्छिक, का मागतोय ते फॉर्मवरच मराठीत लिहायचं, आणि ती फाईल परचेसच्या एकाच माणसाकडे, क्वालिटी आणि स्टोअरला दिसणार नाही अशी. कोणाला सांगायचं नसेल तर विषय संपला, ऑर्डर त्यावर अडकवायची नाही. आकडा थोडा कमी दिसेल, दिसू दे.

कुठल्या आयटमपासून सुरुवात करायची? इंजिनच्या क्रिटिकल पार्टपासून नक्कीच नको, तिथे कस्टमरचं अप्रूव्हल, सॅम्पल, ट्रायल यातच वर्ष जातं आणि मग सगळे म्हणतात बघा जमत नाही यांना. कोरुगेटेड बॉक्स, युनिफॉर्म, हँडग्लोव्हज, कॅन्टीन, प्रिंटिंग, शीटमेटलचे छोटे ब्रॅकेट, जिग-फिक्स्चरचं जॉबवर्क, ट्रान्सपोर्ट, अशा ठिकाणी बघा. आणि कृपा करून दिवाळीला बचत गटाकडून फराळाचे बॉक्स घेऊन फोटो काढून झालं असं करू नका. फराळ घ्या की, चांगलाच असतो, पण वर्षातून एकदा येणाऱ्या ऑर्डरवर कोणी मशीन घेत नाही. दर महिन्याला ठरलेली चाळीस हजारांची ऑर्डर ही एकदाच दिलेल्या चार लाखांपेक्षा जास्त कामाची, कारण ती दाखवून बँकेतून कर्ज मिळतं.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. नवीन सप्लायर अडतात ते रेटवर नाही, आपल्या वेंडर रजिस्ट्रेशन फॉर्मवर. तीन वर्षांचा टर्नओव्हर पाच कोटी, आयएसओ, दोन मोठ्या कंपन्यांचे रेफरन्स, ९० दिवस क्रेडिट, जीएसटी कंपल्सरी. हा फॉर्म कोणी लिहिला, का लिहिला हे कोणालाच आठवत नसतं, आधीच्या मॅनेजरने त्याच्या आधीच्याचा कॉपी केलेला असतो. एकेक अट घ्या आणि विचारा, ही काढली तर नेमकं काय बिघडेल. बॉक्सवाल्याचं आयएसओ कशाला पाहिजे, बर्स्टिंग स्ट्रेंग्थ (बॉक्सचा पुठ्ठा किती दाबाला फाटतो ते) आपल्याच लॅबमध्ये तपासता येते. टर्नओव्हरची अट ऑर्डरच्या साइजवर ठेवा, दोन लाखांच्या ऑर्डरला पाच कोटींचा टर्नओव्हर मागायचा हा शुद्ध आळस आहे. जीएसटीचं म्हणाल तर राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला साधारण ४० लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत नोंदणीची गरजच नाही, बचत गट त्यातच येतात, पण आपल्या ईआरपीत (कंपनीच्या खरेदी-हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) जीएसटी नंबरशिवाय वेंडर कोडच उघडत नाही म्हणून बिचारे बाहेर. आयटीवाल्याच्या मागे लागून अनरजिस्टर्ड असा पर्याय उघडून घ्या, माझ्याकडे या एका गोष्टीला चार महिने लागले, सगळ्यात जास्त.

रेटबद्दल. सरकारी टेंडरमध्ये एक चांगली पद्धत आहे, छोट्या उद्योगाचा रेट एल-वनच्या (सगळ्यात कमी रेट देणाऱ्याच्या) वर १५ टक्क्यांच्या आत असेल आणि एल-वन स्वतः छोटा उद्योग नसेल, तर त्याला एल-वनच्या रेटला यायची संधी देतात आणि किमान २५ टक्के ऑर्डर त्याला मिळते. हे खासगीतही चालतं. पूर्ण ऑर्डर एकदम देऊ नका, त्यालाही झेपत नाही आणि तुमची लाईन थांबली तर पहिला बळी त्याचाच. पंचवीस-पंच्याहत्तर करा. पण कायमचा जास्त रेट देऊ नका, आज तुम्ही आहात म्हणून चाललं, उद्या नवीन परचेस हेड आला की पहिली कात्री तिथेच. त्यापेक्षा रेट का जास्त आहे ते शोधा. आमच्या बॉक्सवाल्या ताईंचा रेट जास्त यायचा कारण त्या कागद कमी कमी घ्यायच्या, मिलवाला छोट्या गिऱ्हाइकाला उधार देत नाही. आम्ही तीन महिन्यांचं शेड्यूल लेखी दिलं आणि कागदाचे पैसे थेट मिलला भरून बिलातून वळते केले. रेट आपोआप खाली आला.

आणि पेमेंट. बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका. एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. दिवस कधीपासून मोजायचे यावर स्टोअरवाले खेळ करतात, जीआरएन (माल मिळाल्याची स्टोअरची नोंद) झाला नाही म्हणून दिवस सुरू नाहीत म्हणतात, पण माल आल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर ज्या दिवशी माल आला तो दिवस धरतात. फायनान्सवाले ऐकत नसतील तर त्यांना आयकराचं ४३बी(एच) (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम) दाखवा, आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजा मिळतो. हे सांगितल्यावर आमच्या अकाउंट्सच्या लोकांचा आवाज एकदम मऊ झाला. काही ठिकाणी उलटंही झालं, खरेदीदार म्हणायला लागले उद्यम रद्द करा नाहीतर ऑर्डर मध्यम उद्योगाला देतो. तुमच्या ऑफिसात असं कोणी सुचवलं तर तिथेच थांबवा. २५० कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स (छोट्या सप्लायरच्या बिलांवर बँकांकडून पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन) प्लॅटफॉर्मवर यायचं बंधन आहेच, तर नुसती नोंदणी करून ठेवू नका, बिलं तिथे खरोखर स्वीकारा, सप्लायरला बँकेकडून लवकर पैसे मिळतात आणि तुम्ही तुमच्या तारखेला भरा.

माणसं शोधायची कुठे, हा प्रश्न सगळे पहिला विचारतात, मी मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण फॉर्म आणि पेमेंट न सुधारता माणसं बोलावली तर ती एकदा येतात, परत येत नाहीत. दलित उद्योजकांची डिक्की ही संस्था २००५ मध्ये पुण्यातच सुरू झाली, त्यांच्याशी बोला. बचत गटांसाठी माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) आणि उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान). महिला उद्योजकांना सर्टिफिकेट देणारी वीकनेक्ट इंटरनॅशनल आहे, बहुराष्ट्रीय हेड ऑफिस ते मानतं. जिल्हा उद्योग केंद्र आहेच. वेंडर मीट फाइव्हस्टार हॉटेलात इंग्लिश प्रेझेंटेशन करून घेऊ नका, एमआयडीसीतच दुपारी चारच्या आत घ्या, मराठीत बोला, टेबलावर खरे पार्ट आणि ड्रॉइंग ठेवा आणि त्या आयटमचं निर्णय घेणारं माणूस समोर बसवा. आमच्या पहिल्या मीटला साठ जण आले आणि परचेसचा एकच ज्युनियर होता, सगळ्यांनी त्याला व्हिजिटिंग कार्ड दिली, त्याने ती ड्रॉवरमध्ये ठेवली. दुसऱ्या वेळी पंधरा जण बोलावले, आरएफक्यू (रेट मागवणारी चौकशी) तिथेच हातात दिली, सहा जणांनी कोट केलं, दोघे आजही चालू आहेत.

मोजायचं काय तर वेंडर किती जोडले हे नाही. किती जणांना दुसरी ऑर्डर मिळाली, वर्षभरात किती रुपयांची खरेदी झाली, सरासरी किती दिवसांत पैसे गेले, आणि कोणी सोडून गेलं असेल तर का, हे स्वतः फोन करून विचारा, सर्व्हेची लिंक पाठवू नका. थकीत बिलांची यादी तशीही वर्षातून दोनदा कंपनी मंत्रालयाला एमएसएमई-वन फॉर्ममध्ये द्यावी लागते, ३० एप्रिल आणि ३१ ऑक्टोबर, त्याच्या पंधरा दिवस आधी अकाउंट्सकडून ती मागून घ्या आणि त्यात तुमच्या या नवीन लोकांची नावं आहेत का ते आधी बघा.