सहाशे किलोमीटरसाठी माउंटन बाइक कशी तयार करावी

६०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडला, माउंटन बाइक न्यायची ठरली की पहिला प्रश्न वजनाचा निघतो. मी आधी वेगळंच विचारतो: या सीटवर चाळीस तास बसवेल का? ६०० साठी वेळ मिळतो ४० तास. जेवणखाण, डुलकी, पंक्चर सगळं धरून ताशी १५ किलोमीटर पडले की झालं. सोलापूरच्या आसपासचे रस्ते बरेचसे सपाट आहेत. तुळजापूरचा घाट सोडला तर सायकल एक किलोने जड असल्याचं फारसं कळत नाही. रात्री दोन वाजता रस्त्याकडेला बसून काढलेलं पंक्चर मात्र चांगलंच कळतं. वजन जरूर काढा, पण कुठून काढायचं ते आधी ठरवा.

सुरुवात बैठकीपासून करा. सायकल भिंतीला टेकवून बसा आणि टाच पेडलवर ठेवा. पेडल सगळ्यात खाली असताना पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवडा पेडलवर ठेवल्यावर गुडघ्यात थोडा बाक आपोआप राहतो. उंची जमली की सीटच्या दांडीला फ्रेमच्या तोंडाशी रंगीत टेप गुंडाळा. ही सवय मला एका रात्रीने लावली. विजयपूर रस्त्यावर मंद्रूपच्या पुढे गुडघ्याची वाटी समोरून दुखायला लागली. मला वाटलं, थकलो असेन. पहाटे टपरीच्या उजेडात पाहिलं तर सीट बोटभर खाली गेलेली. सीटची दांडी धरणाऱ्या क्लॅम्पचा स्क्रू मीच हाताच्या अंदाजाने आवळला होता. आता टॉर्क पान्याशिवाय, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याशिवाय, मी एकही स्क्रू आवळत नाही. किती न्यूटन मीटर, ते बहुतेक वेळा भागावरच छापलेलं असतं.

सरळ हँडलवर हात एकाच जागी राहतात आणि दीडशे किलोमीटरनंतर करंगळी बधिर होते. बार एंड, म्हणजे हँडलच्या टोकांना बसणारी छोटी शिंगं, लावा, म्हणजे पकड बदलता येते. आयोजकांच्या नियमात बसत असेल तर एरो बार, म्हणजे हँडलवरून पुढे जाणाऱ्या दोन दांड्याही लावा. कोपरं टेकवून पुढे झुकलं की तळव्यांना विश्रांती मिळते आणि समोरचा वारा कमी लागतो. सपाट रस्त्यावर खरी झुंज वाऱ्याशीच असते.

वजन काढायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे पुढचा शॉकअप. डांबरी रस्त्यावर तो नुसता ओझं असतो. त्याच्या जागी साधा, स्प्रिंग नसलेला कडक फोर्क बसवला की जवळपास किलोभर वजन उतरतं. फक्त नव्या फोर्कची लांबी जुन्याला जुळणारी घ्या. आखूड फोर्क लावला की सायकल नाकावर येते आणि वळणावर बिचकते.

आता टायर. इथे घाई करू नका, कारण आपला प्रदेश बाभळीचा आहे. शेताच्या बांधावरची छाटलेली फांदी रस्त्यावर ओढली गेली की काटे डांबरावर विखुरतात, आणि हेडलाइटच्या उजेडात ते दिसत नाहीत. म्हणून ट्यूबलेसच करा, म्हणजे आत ट्यूब नाही, हवा टायरमध्येच. रिमची टेप नीट बसवा. २९ इंची, २.२ इंच रुंदीच्या टायरमध्ये साधारण १०० मिली सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव, टाका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते लवकर वाळतं, त्यामुळे ब्रेव्हेच्या आठवडाभर आधी व्हॉल्व्हची सुई काढून आत बारीक काडी घालून बघा. काडी कोरडी आली तर टायरमध्ये नुसता रबराचा पापुद्रा उरलाय असं समजा. टायर जाड बाजूचेच घ्या. पातळ टायरने प्रत्येकी शंभरेक ग्रॅम वाचतील, पण ही बचत इथे परवडत नाही.

काटा रुतलेला दिसला की लगेच उपटू नका. हवा जात नसेल तर तसाच राहू द्या. जात असेल तर काटा काढा आणि चाक फिरवून भोक खाली आणा. पांढरे बुडबुडे येतात, फुसफुस होते आणि मिनिटभरात थांबते. नाही थांबली तर प्लग, म्हणजे भोकात खुपसायची चिकट पट्टी, मारा. तरीही एक ट्यूब जवळ ठेवा. ती घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा, कारण तुटलेलं टोक आतच राहिलेलं असतं.

गिअरचं गणित सोपं आहे. पुढे ३२ दाते, मागे ११, पेडलचे मिनिटाला ९० फेरे: ताशी साधारण ३६ किलोमीटर. लांब पल्ल्याला एवढं पुरतं. चेनला मेणाचं वंगण लावा, तेलावर धूळ चिकटून काळी पेस्ट होते. पावसाळ्यात पाणंदीतून जायचं असेल तर टायर आणि फ्रेममध्ये बोट जाईल एवढी जागा ठेवा. काळी माती चाकात भरली की चाक फिरायचंच थांबतं, आणि तशात जोर लावला तर मागचा हँगर, म्हणजे गिअर बदलणारा भाग फ्रेमला धरून ठेवणारा तुकडा, मोडतो. जादा हँगर पिशवीत असू द्या, चार नाण्यांएवढंच त्याचं वजन.

पाणी आणि जड वस्तू फ्रेमच्या पिशवीत, कपडे सीटमागे. उन्हात तीन लिटर पाणी धरा, आणि ओआरएसची पुडी एक लिटरलाच एक. खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. भाकरी टिकते, आणि गोड जेलचा वीट आला की हीच घशाखाली उतरते. छोटा टर्किश नॅपकिन भिजवून मानेवर ठेवा.

मागे दोन लाल दिवे हवेत, वेगवेगळ्या बॅटरीचे. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालतात आणि कित्येकींना मागे दिवाच नसतो. म्हणून पुढचा दिवाही लांब फेकणारा घ्या.

सगळं बांधून झालं की आधी तुळजापूर आणि परत, सुमारे ९० किलोमीटर. मग विजयपूर आणि परत, जवळपास २००, त्यातले निम्मे रात्री. घरी आल्यावर पिशव्या चादरीवर रिकाम्या करा. ज्याला हात लागला नाही ते बाजूला काढा. प्लग, ट्यूब, हँगर आणि दुसरा दिवा मात्र न वापरताही परत आत ठेवा.