पार्वोतून उठलेल्या पिल्लाला घरी कसं सांभाळायचं

सलाईन बंद होतं, पिल्लू शेपूट हलवतं, भांड्याकडे तोंड वळवतं, आणि घरातले सगळे त्याला खाऊ घालायला धावतात. नेमकी इथंच चूक होते. पार्वो हा कुत्र्याच्या पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा संसर्गजन्य आजार. त्याचा विषाणू आतड्यात नव्या पेशी जिथं तयार होतात तिथंच हल्ला करतो. अन्न शोषून घेणारं अस्तर झडून जातं आणि ते पुन्हा यायला बरेच दिवस लागतात. भूक मात्र त्याआधीच परत येते. म्हणून पुढचा आठवडा पिल्लाच्या भुकेवर नाही, तर त्याच्या पोटाच्या ताकदीवर चालायचं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. उलट्या, रक्ताची घाण वासाची शी आणि मलूलपणा चालू असेल तर घरी उपचार करत बसू नका. पिल्लू विषाणूपेक्षा अंगातलं पाणी आणि साखर संपल्यानं, किंवा आतड्यातले जंतू रक्तात शिरल्यानं जातं. त्याला शिरेतून सलाईन, उलटी थांबवणारं औषध आणि अँटिबायोटिक लागतंच. बऱ्याच ठिकाणी पिल्लाला रोज सलाईन देऊन घरी पाठवतात. मुंबईत परळच्या बैलघोडा हॉस्पिटलसारख्या मोठ्या ठिकाणी नेता आलं तर दाखल करण्याबद्दल विचारा. सलाईनची सुई पायातच ठेवून घरी पाठवलं असेल तर तिच्यावरची पट्टी कोरडी ठेवा. पट्टीखालचा पंजा सुजला किंवा गार पडला तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

पहिलं काम पाण्याचं. उलटी थांबून सहा-आठ तास झाले की उकळून गार केलेलं पाणी किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं ओआरएस थोडं थोडं सुरू करा. पाच किलोच्या पिल्लाला दर अर्ध्या तासाला दोन छोटे चमचे, म्हणजे साधारण 10 मिली. भांडं भरून समोर ठेवलं तर ते एकदम ढोसतं आणि सगळं उलटून टाकतं. स्वतः पीत नसेल तर सुई काढलेली सिरिंज गालाच्या बाजूनं घाला आणि थेंब थेंब सोडा. मान वर करून घशात ओतू नका, पाणी फुप्फुसात जातं. झोपाळलेल्या, मान टाकलेल्या पिल्लाला तोंडावाटे काहीच पाजायचं नाही.

पाणी टिकलं की अन्न. दोन-तीन दिवस उपाशी ठेवण्याचा जुना सल्ला आता मागे पडला आहे, कारण आतड्याचं अस्तर अन्न मिळाल्यावरच लवकर भरून येतं. कातडी आणि हाडं काढून उकडलेलं चिकन एक भाग आणि मऊ शिजवलेला भात दोन भाग, हे हातानं कुस्करून एकजीव करा. मीठ, तेल, फोडणी काही नको. कांदा-लसूण तर अजिबात नको. त्यानं तांबड्या पेशी फुटतात आणि या पिल्लाचं रक्त आधीच गेलेलं असतं. घरात मांस शिजत नसेल तर उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग घ्या, किंवा डॉक्टरांकडून पोटाच्या आजारासाठीचं तयार खाणं आणा.

प्रमाण पाच किलोच्या पिल्लासाठी असं: पहिल्या दिवशी दिवसभरात मिळून 40-50 ग्रॅम, दुसऱ्या दिवशी 90, तिसऱ्या दिवशी 130, चौथ्या दिवशी 180 च्या आसपास. हे सहा वेळांत वाटायचं, म्हणजे पहिल्या दिवशी एका वेळेला जेमतेम चमचा-दोन चमचे. पिल्लू रडेल, भांडं चाटत बसेल. तरी वाढवू नका. उलटी झाली किंवा शी पुन्हा पाण्यासारखी झाली तर आदल्या दिवसाच्या प्रमाणावर या आणि डॉक्टरांना कळवा. 180 ग्रॅम ही फक्त पडून राहणाऱ्या पिल्लाची गरज आहे. वाढत्या पिल्लाला पुढे जवळपास दुप्पट लागेल. शी घट्ट झाली की पाच-सात दिवसांत हळूहळू नेहमीचं खाणं मिसळत जा.

दूध-बिस्कीट हा आपल्याकडचा सगळ्यात प्रेमळ आणि सगळ्यात घातक उपाय. दुधातली साखर पचवणारं पाचकद्रव्य त्याच झडलेल्या अस्तरात असतं, त्यामुळे जुलाब पुन्हा सुरू होतात. तूप, एरंडेल, हळदीचं दूधही नको. माणसांच्या तापाच्या आणि दुखण्याच्या गोळ्या तर हातात घेऊ नका. जुलाब थांबवणारी गोळीही स्वतःहून नको, घाण आत अडकते. अँटिबायोटिक मात्र पिल्लू उड्या मारायला लागलं तरी सांगितलेले सगळे दिवस द्या.

रोज ठरलेल्या वेळी वजन आणि ताप लिहून ठेवा. डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून मोजा: 101 ते 102.5 फॅरनहाइट ठीक. 103.5 च्या वर किंवा 99 च्या खाली गेलं तर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. हिरडी बोटानं दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. चिकट, पांढुरकी हिरडी म्हणजे पाणी कमी आहे. आठ-दहा तास लघवी नाही, हेही तेच सांगतं. पिल्लू अचानक लटपटलं किंवा थरथरायला लागलं तर साखर उतरलेली असू शकते: हिरडीवर मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळा आणि तसंच दवाखान्यात न्या. आणखी एक धोका फार थोड्यांना माहीत असतो. बरं होत आलेलं पिल्लू पुन्हा उलट्या करू लागलं आणि पोटात सॉसेजसारखा लांबट गोळा लागला, तर आतडं आतड्यात शिरलेलं असू शकतं. त्याला ऑपरेशन लागतं, औषधानं सुटत नाही.

आता घर. फिनाईलनं हा विषाणू मरत नाही, सॅनिटायझरनंही नाही. आधी शी-उलटी उचलून साबणानं फरशी धुवा, कारण घाण असताना ब्लीच काम करत नाही. मग ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं साधारण पाच टक्क्यांचं द्रावण, एक लिटर पाण्यात 35 मिली, घालून पुसा आणि फरशी दहा मिनिटं ओली राहू द्या. द्रावण रोज नवं करा, खिडक्या उघड्या ठेवा, पिल्लू दुसऱ्या खोलीत. संडास साफ करायचं ॲसिड त्यात कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. मातीचं अंगण किंवा सारवलेली जमीन अशी निर्जंतुक होत नाही. तिथं विषाणू महिनोन्महिने, कधी वर्षभरही टिकतो.

बरं झाल्यावरही दोनेक आठवडे पिल्लाच्या शीतून विषाणू बाहेर पडू शकतो. चार आठवडे त्याला इतर कुत्र्यांपासून दूर ठेवा आणि शी पिशवीत बांधून टाका. गल्लीतली लस न घेतलेली पिल्लं तुमच्या चपलेवरूनही हा आजार घेऊ शकतात, म्हणून बाहेर जायच्या चपला वेगळ्या ठेवा. इतरांत मिसळण्याआधी एकदा कोमट पाण्यानं आंघोळ घाला. विषाणू केसांना चिकटून राहतो.

जंताचं औषध शी तपासून आणि वजन पाहून, डॉक्टर सांगतील तेव्हा. पार्वोविरुद्धची ताकद आता त्याच्याकडे बराच काळ राहील, पण डिस्टेंपर (कुत्र्यांचा दुसरा एक विषाणूजन्य आजार) आणि रेबीजविरुद्धची नाही. पिल्लू पूर्ण बरं झालं की त्या लसींची तारीख त्याच भेटीत ठरवून घ्या. त्याच घरात नवं पिल्लू आणायचं असेल तर त्याच्या 16 आठवड्यांपर्यंतच्या सगळ्या लसी पूर्ण होऊन दोन आठवडे गेल्याशिवाय आणू नका.