जेलमधून माणूस घरी येतो तेव्हा आपण नेमकं काय करायचं

आपल्याकडे कोणी सुटणार असलं की घरात दोनच गोष्टींची चर्चा असते, वकिलाचे पैसे आणि लोक काय म्हणतील. सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तो माणूस करणार काय, याचा विचार कोणीच करून ठेवत नाही. माझा मावसभाऊ चार वर्षं नागपूरच्या जेलमधे कच्चा कैदी म्हणून, म्हणजे खटल्याचा निकाल लागायच्या आधीच, आत होता, 2022 मधे निर्दोष सुटला, आणि आमच्या घरीही हेच झालं. तेव्हा जे कळलं आणि नंतर वस्तीतल्या आणखी काही जणांसोबत फिरताना जे कळलं ते लिहून ठेवतोय, कोणाच्या तरी कामी पडेल.

सगळ्यात आधी, गेटवर कोणीतरी उभं पाहिजे. कोर्टाची ऑर्डर जेलमधे पोचून कागदपत्रं होईपर्यंत बरेचदा संध्याकाळ होऊन जाते, आणि बाहेरगावचा माणूस असला तर अंधारात वर्धा रोडवर एकटा उभा राहतो, फोन नाही, खिशात पुरेसे पैसे नाहीत. एकाने जावं, फार तर दोघांनी, दहा जण आणि हार घेऊन जाऊ नका. सोबत एक जोडी कपडे, चप्पल, पाण्याची बाटली आणि सुट्टे पैसे न्या. आत जाताना जमा केलेल्या वस्तू, आत काम केलं असेल तर मजुरीचे पैसे, सुटकेचा कागद आणि दवाखान्याचे कागद मिळाले का ते तिथेच विचारा, नंतर एवढ्यासाठी परत जायला माणूस घाबरतो. टीबीची गोळी चालू असेल तर एक दिवसही खाडा होऊ देऊ नका, दुसऱ्याच दिवशी मेडिकल नाही तर मेयो या सरकारी दवाखान्यात घेऊन जा, तिथे ती फुकट मिळते.

माझा भाऊ आत गेला तेव्हा वर्धा रोडवर मेट्रो सुरूच झाली नव्हती. बाहेर आल्यावर राहाटे कॉलनीपाशी तो डोक्यावरून जाणाऱ्या गाडीकडे बघतच राहिला आणि रस्ता ओलांडायची वेळ आली तेव्हा मला म्हणाला, "जाऊ का?" मी म्हटलं चल ना, तरी माझी बाही धरूनच आला. घरी माठातलं पाणी घ्यायलाही विचारायचा. जेवण पाच मिनिटात संपवायचा, आणि दिवस मावळला की भिंतीला टेकून गप्प बसायचा, कारण आत त्या वेळेला गिनती होऊन बराक बंद होते. हे पाहून आमच्या मामा लोकांना हसू यायचं, मावशीने मग सगळ्यांना दम भरला. तुम्हीही घरच्यांना आधीच सांगून ठेवा की असं होतं, त्यावर बोलायचं नाही, "आत काय खायला द्यायचे, मारायचे का" असले प्रश्न तर अजिबातच नाही, त्याला सांगावंसं वाटेल तेव्हा तो सांगेल. झोप लागत नसेल, खूप घाबरत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, मराठीत बोलता येतं. दारू किंवा दुसरं काही सोडवायचं असेल तर 14446.

आता कागद. इथे क्रम चुकला की महिनाभर नुसत्या चकरा होतात. बंद सिमकार्डचा नंबर तोवर कंपनीने दुसऱ्या कोणाला देऊन टाकलेला असतो, म्हणजे आधारचा ओटीपी भलत्याच माणसाच्या फोनवर जातो. म्हणून आधी नवीन सिम, मग आधार केंद्रात जाऊन तो नंबर आधारला जोडायचा, मग बँक, मग रेशन. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, ते चालू करायला पुन्हा केवायसी द्यावं लागतं पण त्याचा चार्ज लागत नाही, कोणी मागितला तर रिझर्व्ह बँकेचा नियम दाखवा. आम्हाला एका शाखेत तीन वेळा "उद्या या" ऐकावं लागलं आणि तिसऱ्या वेळी भाऊ म्हणाला की मला नाही यायचं, माझं नाव वाचूनच हे असं करतात. खरं तर ते सगळ्यांनाच तसं करत होते, पण त्याला कसं कळणार? चौथ्यांदा मावशी सोबत गेली आणि काम झालं. माझं सगळं सांगणं एवढंच आहे हो, सल्ला देऊ नका, सोबत जा. मतदार यादीत नाव आहे का तेही पाहून घ्या, कारण मत देता येत नाही ते फक्त जेलमधे असेपर्यंत, बाहेर आल्यावर हक्क असतोच, आणि हे बऱ्याच सुटलेल्यांनाच माहीत नसतं.

जामिनावर सुटला असेल तर पेशी, म्हणजे कोर्टाची तारीख, चुकणं हाच सगळ्यात मोठा धोका. माणूस पळून जातो म्हणून पेशी चुकते असं नाही, तर तारीख विसरतो, मजुरी बुडेल म्हणून जात नाही, आणि मग वॉरंट निघतं. जामिनावर असताना कारणाशिवाय कोर्टात न जाणं हा वेगळा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 269, एक वर्षापर्यंत शिक्षा. ई-कोर्ट्सच्या ॲपमधे केसचा सीएनआर नंबर (अक्षरं आणि आकडे मिळून 16) टाकला की पुढची तारीख दिसते, ती कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा आणि आदल्या दिवशी फोन करा. पोलीस ठाण्याची हजेरी असेल तर तीही तशीच. वकील परवडत नसेल तर सिव्हिल लाइन्सला न्यायमंदिरातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 ला फोन करा.

आणि ज्याच्या हातून खरंच गुन्हा घडलाय त्याच्यासोबत असताना समोरच्या कुटुंबाला विसरू नका. माफी मागायला म्हणून त्यांच्या दारात नेऊ नका, जामिनाच्या अटीत ते बहुतेक वेळा चालतच नाही, आणि त्या लोकांनी तुम्हाला बोलावलेलंही नसतं.

कामाचं म्हणाल तर पहिले पंधरा दिवस ठिय्यावर, म्हणजे मजूर सकाळी कामासाठी उभे राहतात त्या चौकात, जाऊन रोजी मिळते, हातात पैसे आले की चेहरा बदलतो, पण तिथेच सोडून देऊ नका. आत सुतारकाम, शिवण, विणकाम शिकलेले बरेच जण असतात, त्यांना बर्डी-इतवारीच्या बाजारात ओळखीच्या फर्निचरवाल्याकडे, टेलरकडे घेऊन जा. बांधकामावर 90 दिवस भरले की बांधकाम कामगार म्हणून नोंदणी करता येते. सिक्युरिटी गार्डच्या मागे वेळ घालवू नका, तिथे पोलीस व्हेरिफिकेशन लागतं आणि नकार आला की माणूस परत खचतो. मालकाला सांगायचं की नाही? माझ्या मते एकदाच, थोडक्यात आणि त्याने स्वतः सांगावं, कारण पेशीला सुट्टी लागणारच आहे आणि बाहेरून कळलं तर काम लगेच जातं.

बायकांचं याहून अवघड असतं, नवऱ्याच्या भेटीला दर आठवड्याला डबा घेऊन रांगेत उभी राहणारी बायको मी पाहिली, बायकोसाठी तसा उभा असलेला नवरा क्वचितच. घर नाही म्हणत असेल तर 181 या महिला हेल्पलाइनला फोन करून राहायची सोय विचारा, आणि मुलांशी भेट तिच्या वेगाने होऊ द्या, लेकरू पहिल्या दिवशी मांडीवर येत नाही.

शेजाऱ्यांसाठी तर एकच काम आहे, नाव घेऊन बोलवा. लग्न, तेरवी, हळदीकुंकू, काहीही असू द्या, "घरचे सगळे या" असं मोघम नाही. आमच्या समोरच्या काकूंनी त्यांच्या वास्तुपूजेचं बोलावणं द्यायला आल्यावर माझ्या भावाकडे बघून म्हटलं, "तू पण ये बरं का, पंगतीत वाढायला मला पोरं कमी पडतात." तीन दिवस आधीपासून त्याचा इस्त्री केलेला शर्ट खिळ्याला टांगलेला होता.